ओल्या केसांचा पेड : केस उष्णतेविना वाळविण्याच्या परंपरेचा मराठवाड्याच्या संदर्भात इतिहास

प्रस्तावना

भारतीय स्त्रियांच्या केशरचनेविषयी विपुल लेखन झाले आहे. अजिंठ्याच्या चित्रांतील केशभूषा, मंदिरशिल्पांतील सुरसुंदरींचे अंबाडे, उत्तर पेशवाईतील खोपा यांची वर्णने कलेतिहासाच्या ग्रंथांत जागोजागी आढळतात. मात्र कोणतीही रचना होण्यापूर्वी केस धुतले जातात, ओले होतात आणि त्यांना वाळावे लागते, या साध्या गोष्टीकडे इतिहासलेखनाने क्वचितच लक्ष दिले आहे. रचना पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, तर वाळविणे हे घराच्या मागच्या अंगणातले काम असते. पहिल्याचा इतिहास लिहिला गेला आणि दुसऱ्याचा राहून गेला, याचे कारण बहुधा हेच असावे.

प्रस्तुत शोधनिबंधात केस वारा व ऊन यांवर वाळत असताना ते ताणून, पेडांत गुंफून अथवा दोऱ्याने बांधून सुटे व सरळ राखण्याच्या पद्धतीचा विचार केला आहे. या पद्धतीस शेगडी लागत नाही, वीज लागत नाही. परंतु वेळ, पाणी आणि दुसऱ्या माणसाचे हात लागतात. या तीन गोष्टी कोणाला मिळाल्या व कोणाला मिळाल्या नाहीत, या प्रश्नाशी या विषयाचा इतिहास बांधलेला आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाचे क्षेत्र म्हणून जालना जिल्ह्याचा व त्यातही अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या परिसराचा विचार केला आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. नदीच्या वरच्या अंगाला सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन आहे. या दोन स्थळांमुळे या विषयाचा पुरावा थेट दोन हजार वर्षे मागे नेता येतो, आणि तेही परगावी न जाता.

भोकरदनची हस्तिदंती मूर्ती

भोकरदन येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी संयुक्तपणे उत्खनन केले. त्यात हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या व सध्या नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही याच घडणीची मूर्ती मिळाली आहे. पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. म्हणजे तेथील मूर्ती त्यापूर्वीची आहे हे निर्विवाद. ती मथुरेकडची की दख्खनची, याविषयी विद्वानांत वाद झाला. भोकरदनच्या पुराव्यानंतर दख्खनच्या बाजूने बोलणाऱ्यांचे पारडे जड झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. पाँपेईच्या मूर्तीत मधल्या स्त्रीच्या दोन्ही बाजूंना दोन लहान आकृती असून त्यांच्या हातांत प्रसाधनाची पात्रे आहेत. मूर्तीच्या पाठीमागे लांब वेणी कोरलेली आहे. कलेतिहासकारांनी या वेणीची नोंद अलंकाराच्या यादीत केली. परंतु पाठीवर रुळणारी वेणी एकट्या हाताने सफाईने घालणे कठीण असते, हे ज्या घरात वेणी घातली जाते तेथे सर्वांना ठाऊक आहे. मधल्या आकृतीची वेणी आणि बाजूच्या दोघींचे हात यांचा संबंध शिल्पकाराने नकळत नोंदवून ठेवला आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

याच काळाचा वाङ्मयीन पुरावा गोदातीरावरच मिळतो. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'गाथासप्तशती' या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात न्हाऊन उठलेल्या स्त्रीच्या केसांतून ठिबकणाऱ्या पाण्याविषयी एक गाथा आहे. आता आपण बांधले जाणार या भीतीने केस रडत आहेत, अशी कल्पना कवीने केली आहे. रसिकांनी तिच्यातील शृंगार पाहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यातील क्रम पाहावा. केस अजून निथळत आहेत आणि बांधण्याची वेळ आली आहे. केस पूर्ण वाळवून मग बांधण्याची रीत रूढ असती, तर ही कल्पना वाचकाला पटली नसती. अर्थात एका गाथेवरून सार्वत्रिक रूढी सिद्ध होत नाही. तरी ओल्या केसांचे बंधन त्या काळच्या श्रोत्याला परिचित होते एवढे निश्चित मानता येते.

शब्दांचा पुरावा

वस्तू नष्ट होतात, शब्द टिकतात. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील मनुष्यवर्गात केसांच्या अवस्थांसाठी वेगवेगळे शब्द नोंदविले आहेत. कुरळ्या बटांना एक शब्द, बांधलेल्या केसांना दुसरा, व्रतस्थाच्या जटेला तिसरा, वेणीला चौथा. त्यात विशेष लक्षणीय शब्द आहेत ते 'शीर्षण्य' आणि 'शिरस्य'. स्वच्छ, गुंता नसलेल्या, एकेक सुटा असलेल्या केसांना कोशकाराने 'विशद' म्हटले असून त्यासाठी हे दोन स्वतंत्र शब्द दिले आहेत. जटा, वेणी आणि विशद केस हे कोशात जवळजवळ येतात. कोशकाराने मुद्दाम शेजार साधला असेल वा नसेल. परंतु एकाच ओल्या केसांच्या या तीन संभाव्य गती आहेत, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

मराठीतील शब्दसंपत्ती याहून अधिक घरगुती आहे. केस न्हायचे, निथळायचे, पंच्याने टिपायचे, बोटांनी गुंता सोडवायचा, फणीने विंचरायचे, मग तीन पेड करायचे. वेणीच्या शेवटी गुंफण्याच्या दोऱ्याला आगवळ म्हणत. तिला पुढे गोंडे लावीत. आगवळ हा शोभेचा दागिना नव्हे. ती केसांच्या टोकांपर्यंत ताण पोहोचविते. वेणीचे शेवटचे वीतभर केस विरळ असतात, ते वाळताना वळतात, सुटतात. दोरा त्यांना सरळ धरून ठेवतो आणि गोंड्याचे वजन तो ताण कायम राखते. याउलट झिपऱ्या, झिंज्या हे शब्द तुच्छतेने वापरले जातात. मोकळे केस तर शोक, भूतबाधा किंवा अंगात येणे यांच्याशी जोडलेले. केस मोकळे सोडून वाळविणे ही आज नैसर्गिक वाटणारी गोष्ट मराठी लोकसमजुतीत घराच्या उंबरठ्याआडची, अल्पकाळची अवस्था होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सरळ केसांचा हा आग्रह कुरळ्या केसांविषयीच्या नावडीतून आलेला नाही. कुंतल, अलक हे शब्द काव्यात कौतुकाने येतात आणि अजिंठ्याच्या चित्रांत कपाळावर उतरणाऱ्या वळणदार बटा आवर्जून रेखाटल्या आहेत. पेड घालण्याचा हेतू वळण नाहीसे करणे हा नसून केस एकमेकांत न अडकता वाळावेत हा होता. सरळपणा हा त्याचा आनुषंगिक परिणाम म्हणता येईल.

पाणी आणि ताण

या पद्धतीमागील कार्यकारणभाव आधुनिक विज्ञानाने स्पष्ट केला आहे. केस हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातील साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व केस वाळताना पुन्हा जुळतात. ज्या स्थितीत केस वाळतील ती स्थिती ते धरून ठेवतात. पुन्हा भिजले की पूर्वस्थितीला येतात. ओला केस जाडीने सुमारे १५ टक्के फुगतो, अधिक लवचीक होतो आणि अधिक दुबळाही. इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात लोकर व केस यांच्या क्ष-किरण छायाचित्रांवरून ओल्या तंतूला ताण दिला असता त्याची अंतर्गत रचनाच बदलते हे दाखविले. प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली. आजीने नातीच्या ओलसर केसांना तीन पेडांत ओढून बांधावे आणि दुसऱ्या दिवशी ते पेडांचे वळण धरून सुटे निघावेत, यात हेच घडत असते.

हाच मार्ग अन्य संस्कृतींनीही शोधला. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस अत्यंत घट्ट वळणाचे असतात आणि वाळताना ते आखडून निम्म्याहूनही कमी लांबीचे दिसतात. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः योरुबा समाजात, केसांच्या बटेला मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळून ती ताठ ठेवण्याची जुनी पद्धत आहे. नायजेरियन छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून अशा केशरचनांची शेकडो छायाचित्रे घेतली. आगवळ आणि हा दोरा यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. तंतू, पाणी व ताण यांचे नियम दोन्हीकडे एकच असल्याने हातांनी एकच उत्तर काढले. मराठवाड्याला आफ्रिकी माणूस अपरिचित नव्हता, हेही प्रसंगोपात्त नमूद करावे. खडकीची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, उभारणी करणारा मलिक अंबर मूळचा हबशाणातला. त्याच्या उपलब्ध चित्रांत डोके पगडीखाली आहे. चित्रकाराने दरबारी शिष्टाचार राखला आणि आपल्या विषयाची हानी केली.

तेलाचाही येथे विचार करावा लागतो. न्हाण्यापूर्वी तेल चोपडण्याच्या रीतीमुळे केसांत पाणी कमी शिरते व फुगवटा कमी होतो. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधक रेळे व मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यफूल तेल व खनिज तेल यांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची हानी अधिक कमी होते, असा निष्कर्ष काढला. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नाही.

उष्णता कोणासाठी?

आपल्याकडे उष्णता माहीतच नव्हती असा गैरसमज होऊ नये. कालिदासाच्या 'मेघदूता'त उज्जयिनीच्या गवाक्षांतून केस सुगंधित करण्याच्या धूपाचा धूर बाहेर पडतो व त्याने मेघ पुष्ट होतो, असे वर्णन आहे. ही श्रीमंत नगरातील चैन होती. मराठी घरांत शेगडी आणि धुरी यांचा उपयोग प्रामुख्याने बाळ-बाळंतिणीसाठी होई. ओल्या डोक्याने थंडी बाधू नये म्हणून बाळंतिणीचे केस शेकावर वाळविले जात आणि शेपा, ओवा यांची धुरी दिली जाई. बाळंतपणाचे ते दिवस संपले की स्त्री पुन्हा उन्हावर व वाऱ्यावर येई. जळण गोळा करणे हेही स्त्रीचेच काम असल्याने केसांसाठी लाकूड जाळणे तिला परवडणारे नव्हते, हे वेगळे सांगायला नको. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या मार्सेल ग्रातो याने तापविलेल्या चिमट्याने केसांना वळण देण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिचे वारस असलेली विजेची उपकरणे आपल्या गावांत बरीच उशिरा, आणि भारनियमनाच्या वेळा सांभाळत आली.

वेणी, वपन आणि जट

'मेघदूता'तच विरहिणी यक्षपत्नीची एकवेणी येते. पती परतेपर्यंत ती सोडावयाची नसते, आणि न उकललेली ती वेणी स्पर्शाला कठीण व खडबडीत झाली आहे असे कवी सांगतो. या तपशिलाकडे आपण थांबून पाहिले पाहिजे. वेणी हे तंत्र तिच्या बांधण्यावर जेवढे अवलंबून आहे तेवढेच तिच्या सोडण्यावर आहे. आठवड्याने का होईना, पेड उकलले, केस धुतले, गुंता काढला, तरच ती वेणी राहते.

असे झाले नाही तर काय होते? केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे थर असतात. ओलावा, तेल, धूळ व घर्षण यांनी हे खवले एकमेकांत अडकतात. लोकरीचे घोंगडे ज्या क्रियेने दाटते तीच क्रिया डोक्यावर घडते. केस न विंचरता वाळत राहिले की त्यांची गुठळी होते, तिला आपण जट म्हणतो. तिच्यामागे दैवी कोप नाही. परंतु महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात तिला देवीचा कौल मानले गेले. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने जट राखलेल्या अनेक मुलींना देवीला सोडण्यात आले. त्या बहुतांशी दलित व गरीब घरांतल्या होत्या. मुंबई इलाख्याचा १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आणि महाराष्ट्राचा २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम यांनी समर्पणाला बंदी घातली. जटेची भीती मात्र कायद्याने गेली नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन शेकडो स्त्रियांची समजूत घातली व त्यांच्या जटा कापून दिल्या. जटेच्या वजनाने मान अवघडते, टाळूला जखमा होतात, उवा होतात, झोप लागत नाही.

जटेकडे पुराणकथेच्या बाजूने पाहिले तर ती गूढ वाटते. तिच्याकडे न्हाणीच्या बाजूने पाहिले तर प्रश्न सरळ होतो : या मुलीचे ओले केस कोणी सोडवायचे होते? आई पहाटेच मजुरीला गेलेली, पाणी दूरवरून आणायचे, फणी सगळ्या घराला एक. पहिली गाठ पडली तेव्हा ती बोटांनी सुटली असती. आठ-पंधरा दिवसांनी ती सुटेना. मग कोणी म्हणाले, देवी आली.

उच्चवर्णीय विधवेच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. तिच्या केसांना वेळ देण्याचे कारणच समाजाने काढून घेतले. केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. हा प्रसंग सुधारणेच्या इतिहासात योग्य ते स्थान मिळवून आहे. त्याआधीच्या वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. तेथे शिकलेल्या गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला. विधवेने पुन्हा केस वाढू देणे याचा अर्थ पुन्हा न्हाणे, वाळविणे, विंचरणे, म्हणजे स्वतःच्या शरीराला पुन्हा वेळ देणे असा होता. सुधारकांच्या चरित्रांत हा भाग येत नाही. तो एखाद्या ओळीत तरी यावयास हवा होता.

पाटाचे पाणी आणि अंकुशनगर

लांब केस धुण्यास पाणी पुष्कळ लागते. शिकेकाई, रिठा वा माती निघून जाईपर्यंत डोक्यावर तांबे ओतावे लागतात. १९७२ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१२-१३ मध्ये, जेव्हा जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता, तेव्हा पिण्याचे पाणी टँकरने येत होते. अशा काळात न्हाणे लांबते. न्हाणे लांबले की वेणी सोडण्याचे कारण उरत नाही, आणि एकवेणीचे जे झाले ते पुन्हा होऊ लागते. दुष्काळाच्या अभ्यासात जनावरे, पिके, स्थलांतर यांची आकडेवारी असते. न्हाणीतल्या पाण्याचा स्तंभ तेथे नसतो.

पैठणजवळील जायकवाडी प्रकल्प १९७६ मध्ये कार्यान्वित झाला आणि डाव्या कालव्याने गोदावरीचे पाणी अंबड तालुक्याच्या शिवारात आणले. पाण्यामागे ऊस आला, उसामागे अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना. गाथेतील स्त्री ज्या नदीकाठची, त्याच नदीच्या पाण्यावर ही वसाहत उभी आहे. परंतु येथील पाणी उसाला जितके सहज मिळते तितके तो तोडणाऱ्या स्त्रीला मिळत नाही. गळिताच्या हंगामात ऊसतोड मजूर जोडप्याने कामाला येतात. या जोडीला कोयता म्हणतात. नवरा-बायकोने उचल घेतलेली असते व ती अंगावर फेडायची असते. मुक्काम कोपीत. पहाटे अंधारात फडात जायचे. पुरुष तोडतो, स्त्री पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन वाहनात चढविते.

या कामात केसांचा विचार करून पाहावा. उसाच्या पानांची बारीक कूस आणि पाचटाचा भुगा केसांत बसतो, त्यामुळे धुण्याची गरज इतरांहून अधिक. धुतले तर पाणी कोपीपर्यंत वाहून आणायचे. वाळवायचे तर ऊन हवे, आणि ऊन असते तेव्हा ती फडात असते. रात्री ओले केस घेऊन निजावे तर थंडीचे दिवस. ओली वेणी बांधून पदराखाली ठेवावी तर वरून चुंबळ आणि मोळी. टाळूवरचा ओलावा दिवसभर कोंडतो, त्याला कुबट वास येतो, खाज सुटते, आणि कपाळालगतच्या केसांवर वजन व ताण दोन्ही येतात. या ताणाने तेथील केस विरळ होत जातात हे त्वचारोगतज्ज्ञ जाणतात. म्हणून मोळी वाहणारी स्त्री वेणी पाठीवर सोडत नाही, डोक्यावरही बांधत नाही. मानेवर अगदी खाली बुचडा घालते. जोखमीखाली केस सांभाळण्याची ती तिची युक्ती आहे. भोकरदनच्या मूर्तिकाराला हा बुचडा कोरण्याचे कारण नव्हते.

तिची मुलगी गावी आजीकडे राहिली असेल तर शाळेसाठी दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या असतात. ओल्या केसांवर घातलेल्या या घट्ट वेण्या संध्याकाळी सोडल्या तर केस सुटे निघतात. मुलगी आईबरोबर फडावर आलेली असेल तर तिचे केस कोण विंचरते, हे मजुरी, उचल व फडातल्या कामाच्या तासांवर ठरते. अनेक बाया हंगाम सुरू होण्यापूर्वी लहान मुलींचे केस कापूनच टाकतात. विचारले तर उन्हाचे, उवांचे कारण सांगतात.